धायटी दारी लावताना

परसबागेच्या बैठकीत दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पाणी न मागणारे एखादे फुलझाड सांगा ना." बाया हसत हसत विचारतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या भागात, सातपुड्याच्या दक्षिणेकडच्या उतारावर, होळी उलटली की हातपंप धापा टाकू लागतात. एप्रिलमध्ये हंडा टेकडी ओलांडून आणावा लागतो. त्या हंड्यावर पहिला हक्क माणसांचा, मग गुरांचा, मग भांड्यांचा. जास्वंदीची पाळी त्यात कधी यावी?

म्हणूनच वेगवेगळ्या योजनांतून वाटलेली गुलाबाची, मोगऱ्याची, क्रोटनची रोपे पावसाळ्यात फोटोपुरती हिरवी असतात आणि शिमग्याला त्यांच्या काड्या चुलीत जातात. यात बायांचा आळस नाही. रोप देणाऱ्याने पाण्याचा हिशेब केलेला नसतो, एवढेच. एका आजीने मला सरळ ऐकवले होते, "गुलाबाला तांब्याभर ओतले तर नातवाला काय पाजू?" त्या दिवसापासून मी कुठल्याही गावी फुलझाडाचे रोप नेण्याआधी विचारते की मार्चमध्ये इथे पाणी कुठून येते.

आणि गंमत अशी की उत्तर गावाच्या डोळ्यांसमोरच उभे असते. घाटाचा रस्ता खणताना जिथे मुरूम उघडा पडला, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही, तिथे भर उन्हात लालभडक फुलांनी लगडलेली झुडपे दिसतात. ती धायटी. कुणी धायफूल म्हणतात, काही ठिकाणी धावशी. संस्कृतात धातकी, आणि दुसरे नाव अग्निज्वाला. उतारावर एकत्र फुललेली दहा-वीस झुडपे लांबून पाहिली की हे नाव ठेवणाऱ्याने ती नीट पाहिली होती याची खात्री पटते.

ओळख सांगते. पुरुषभर उंचीचे, चांगल्या जागी त्याहून थोडे जास्त, बुंध्यापासूनच अनेक फांद्यांनी फुटलेले झुडूप. फांद्या लांब आणि खाली झुकलेल्या. खोडाची साल पातळ, तांबूस-तपकिरी, तिचे पापुद्रे सुटत असतात. पाने समोरासमोर, लांबट, टोकाकडे निमुळती. पान उलटे करून पाहा: खालची बाजू राखाडी आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. हे ठिपके दिसले की शंका उरत नाही. नावाच्या साधर्म्यामुळे काही जण धावडा आणि धायटी यांत घोटाळा करतात. धावडा हा मोठा वृक्ष, त्याचा डिंक आपण गोळा करतो. त्याचा आणि धायटीचा संबंध नाही. धायटीचे सगेसोयरे पाहायचे तर मेंदी, डाळिंब आणि आपल्या राज्याचे फूल ताम्हण. ही सारी एका कुळातली.

फुलाची रचना थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आपल्याला जे लाल दिसते त्या पाकळ्या नव्हेत. जास्वंदीच्या फुलाखाली जी हिरवी वाटी असते, तिला पुष्पकोश म्हणतात. धायटीत हा पुष्पकोशच लांबट नळीसारखा आणि शेंदरी-लाल असतो. खऱ्या पाकळ्या इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. नळीतून बारीक केसर बाहेर डोकावतात. तळाशी गोड रस असतो. लहानपणी आपल्यातल्या पुष्कळांनी तो चोखलेला असेल. फुलाचे काम झाले तरी नळी गळून पडत नाही. ती फांदीवरच राहते, वाळते, आणि तिच्या पोटात बोंड तयार होते. बोंडात बी असते, तपकिरी, तंबाखूच्या बियांइतके बारीक, अगणित.

म्हणजे बाजारात आपण जे "धायटीचे फूल" म्हणून विकतो, तेच बियांचे घर. खुडलेल्या प्रत्येक फुलामागे एक बोंड कमी होते.

हे बाजाराचे प्रकरण तसे जुने आहे. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार करतात, आणि बहुतेक कृतींत आंबवण्यासाठी धायटीची फुले घालतात. अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट, दशमूलारिष्ट ही नावे दवाखान्याच्या कपाटात सर्वांनी पाहिली असतील. त्या बाटलीच्या तळाशी आपल्या डोंगरातल्या बायांची पहाट असते. (या औषधांत आंबवण्यातून आपोआप थोडा मद्यार्क तयार होतो, हेही सांगून ठेवते. दारू सोडलेला माणूस ती घेणार असेल तर त्याने वैद्याला आधी तसे सांगावे.) फुलांत टॅनिन भरपूर, म्हणून चव तुरट आणि म्हणूनच कपडे व कातडी रंगवण्यातही त्यांचा उपयोग होत आला.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत फुले गोळा होतात. नेमकी हीच वेळ अशी की खरिपाचे धान्य संपत आलेले, मोहफुले सुरू व्हायची किंवा नुकती सुरू झालेली, आणि मजुरीसाठी गुजरातकडे गेलेली माणसे अजून परतलेली नसतात. घरी राहिलेल्या बाया, म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरे टोपल्या घेऊन उतारावर जातात. त्या पैशांतून मीठ-मिरची, तेल, वह्या येतात. रक्कम मोठी नाही, पण ती बाईच्या हातात पडते, हे मला महत्त्वाचे वाटते. घरातला दुसरा कुठलाही पैसा इतका थेट तिच्या हाती येत नाही.

मात्र मागची काही वर्षे मी पाहते आहे की गावाजवळच्या टेकड्यांवर धायटी विरळ होत चालली आहे. दोन कारणे डोळ्यांसमोर आहेत. पहिले, घाई. उन्हे चढायच्या आत टोपली भरायची असते, म्हणून एकेक झुबका खुडण्याऐवजी फांदीच कोयत्याने तोडतात आणि सावलीत बसून फुले ओरपतात. तोडलेली फांदी पुढच्या वर्षी फुलत नाही, आणि असे दरवर्षी झाले की झुडूप खुरटते. दुसरे, कुणी दुसरा नेईल म्हणून फुले पुरती उमलायच्या आधीच नेली जातात आणि झुडपावर एकही झुबका मागे राहत नाही. बी पडत नाही, नवे रोप उगवत नाही. जुनी झुडपे मात्र चिवट असतात, तोडली किंवा वणव्यात होरपळली तरी बुडख्यापासून पुन्हा फुटतात. त्यामुळे धायटी संपते आहे हे चटकन लक्षात येत नाही. म्हाताऱ्यांनी भरलेल्या गावासारखी टेकडी काही काळ भरलेलीच दिसते.

म्हणून आम्ही काही घरांत धायटी दारी लावायला सुरुवात केली. आधी थोडी चेष्टा झाली. जंगलात फुकट मिळणारे कुणी अंगणात लावते का? एका तरुणाने तर विचारले की आता रुई आणि घाणेरीही लावायची का. रुईचे माहीत नाही, पण घाणेरी परदेशातून आलेली आहे आणि ती आपल्या धायटीचीच जागा खाते आहे, हे त्याला सांगितले. धायटी इथलीच. तिला इथला मुरूम, इथला पाऊस आणि इथला आठ महिन्यांचा कोरडा काळ ठाऊक आहे. मुळे खडकाच्या फटींत शिरतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी, ऐन फुलोऱ्यात, ती बरीचशी पाने गाळून टाकते. पाने कमी म्हणजे उडून जाणारे पाणीही कमी. ज्या दिवसांत अंगणातले बाकी सारे माना टाकते, त्याच दिवसांत ती फुलते.

आता लावायची कशी ते सांगते. रोपवाटिकेत धायटी सहसा मिळत नाही, तेव्हा रोप आपणच करावे लागते.

सर्वांत खात्रीचा मार्ग दाब कलमाचा. धायटीच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे हे काम सोपे. आपल्या बांधावर किंवा शेताच्या कडेला एखादे निरोगी झुडूप असेल तर जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर, त्याची खालची एक लवचीक फांदी निवडा. फांदीचे टोक वीतभर बाहेर राहील अशा बेताने मधला भाग जमिनीला टेकवा. जिथे टेकतो तिथे खालच्या बाजूने साल बोटभर लांबीत हलकेच खरवडा. खुरप्याने चार बोटे खोल चर करा, फांदी त्यात दाबा, वर माती आणि पालापाचोळा टाका, आणि एक जड दगड ठेवा. बस. पावसाळाभर तिकडे पाहायचे नाही. दिवाळीनंतर दगड हलवून माती थोडी उकरा. पांढरी मुळे दिसली तर मूळ झुडपाकडची बाजू कापा, पण रोप लगेच उचलू नका. ते तिथेच राहू द्या आणि पुढच्या जूनमध्ये मातीच्या गोळ्यासकट काढून दारी आणा. हिवाळ्यात उचललेली कलमे उन्हाळ्याला टिकत नाहीत, असा आमच्या बायांचा अनुभव आहे.

बियांपासून रोपे करायला चिकाटी लागते, पण एका खेपेला पुष्कळ रोपे मिळतात, आणि प्रत्येक रोप थोडे वेगळे असते, हा त्यातला मोठा लाभ. बी धरण्यासाठी झुडपावरच्या दोन-तीन फांद्या न खुडता राखून ठेवा. फांदीला चिंधी बांधा, म्हणजे घरातल्या सर्वांना कळते. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात लाल नळ्या तपकिरी आणि कागदासारख्या कोरड्या होतात. तेव्हा पांढऱ्या फडक्यावर त्या चुरगाळा. खाली जी तपकिरी पूड पडेल तेच बी. फुंकर घालून टरफले उडवू नका, बीही उडून जाईल. बारीक चाळणी वापरा. सावलीत दोन दिवस वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा.

पेरणी जूनच्या सुरुवातीला, पण उघड्यावर नव्हे. फुटके घमेले किंवा तेलाचा आडवा कापलेला डबा घ्या, तळाला भोके पाडा. नदीची रेती, चाळलेला पालाखताचा चुरा आणि लाल माती समप्रमाणात मिसळून भरा आणि वरचा थर हाताने सपाट करा. आधी माती पूर्ण भिजवा. मग चिमूटभर बी मूठभर कोरड्या रेतीत मिसळून वरून भुरभुरवा. वर माती टाकायची नाही. हे बी इतके बारीक आहे की अर्धा बोट मातीखाली गेले तर अंकुराला वर येण्याचे बळ उरत नाही. पाणीही वरून ओतायचे नाही. घमेले परातीतल्या पाण्यात ठेवायचे, खालच्या भोकांतून ओल आपोआप वर चढते. घमेले पागोळ्यांखाली येणार नाही असे पाहा. एका घरी सगळे बी पहिल्याच पावसाच्या पागोळीने कोपऱ्यात जमा केले आणि तिथे नंतर धायटीचे हिरवे शेवाळ उगवल्यासारखे दिसत होते!

दोन ते तीन आठवड्यांत सुईच्या टोकाएवढी पाने दिसतात. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण महिनाभर ती तेवढीच राहतात. राहू द्या. चार-सहा पाने झाली की काडीच्या टोकाने एकेक रोप उचलून दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत लावा. पहिला उन्हाळा ही रोपे मांडवाच्या सावलीत, भांडी धुण्याच्या जागेजवळ काढतील. जमिनीत जातील ती पुढच्या पावसाळ्यात.

छाट कलमही होते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी रेतीत लावायची. पण दहातल्या पुष्कळ काड्या कुजतात. मुलांना हौस असेल तर करू द्यावे, भरवसा दाब कलमावर ठेवावा.

जागा निवडताना आपण नेहमी चांगली माती शोधतो. धायटीसाठी उलट करा. घरामागचा मुरमाड चढ, कुंपणाची कड, बांधाची उतरती बाजू, जिथे भाजी होणार नाही ती जागा तिला द्या. चांगली माती वांग्या-मिरचीला, वालाला ठेवा. ऊन मात्र पूर्ण हवे. आंब्याच्या सावलीत धायटी पाने देते, फुले देत नाही. तिला दुसरे काही सोसत नसेल तर ते साचलेले पाणी. काळ्या जमिनीत लावायची असेल तर गुडघ्याएवढा उंचवटा करून त्यावर लावा. खड्डा हातभर रुंद आणि हातभर खोल पुरे. त्यात ओंजळभर शेणखत मातीत मिसळून टाका. जास्त खत घातले की फांद्या लांबतात आणि फुलोरा कमी येतो. ओळीने लावायची तर दोन झुडपांत पाच ते सहा फूट अंतर ठेवा.

पहिले वर्ष काळजीचे. आमच्याकडच्या शेळ्या मोठ्या धायटीच्या वाटेला फारशा जात नाहीत, पण कोवळा शेंडा चाखून पाहतात, आणि शेळीने चाखून पाहिलेले रोप म्हणजे गेलेले रोप. बोरीच्या काट्यांचे आळे करा. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक तांब्या पाणी द्या, भांडी विसळलेले चालेल, मात्र साबणाचे नको. बुंध्याभोवती पाला पसरून वर चार चपटे दगड ठेवले तर हाही तांब्या वाचतो. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीनदाच, अगदी कडक दिवसांत. तिसऱ्यापासून बंद. आम्ही लावलेल्या कलमांना दुसऱ्या वर्षी तुरळक फुले आली, तिसऱ्या वर्षी झुडूप भरले. बियांची रोपे याहून मागे असतात.

छाटणीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: दिवाळी ते होळी या काळात कोयता लावायचा नाही. फुले येणाऱ्या फांद्या तोपर्यंत तयार झालेल्या असतात. त्या वेळी कुंपण नीट करायच्या नावाखाली छाटले की त्या वर्षीचा फुलोरा गेला. छाटायचे ते फुले काढून झाल्यावर, पावसाच्या तोंडावर, आणि तेही सर्वांत जुन्या जाड फांद्यांपैकी एखाद-दोन बुडापासून. पावसात नवे फोक येतात. छाटलेल्या फांद्या चुलीला होतात, हे बायांना वेगळे सांगावे लागत नाही.

फुले काढण्याची रीत बदलली तर जंगलातली झुडपेही वाचतील, म्हणून हे दारातल्या धायटीवर पोरांना शिकवावे. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने झुबके खुडायचे. फांदी मोडायची नाही. पूर्ण उमललेली लाल फुलेच घ्यायची. प्रत्येक झुडपावर चार फांद्यांतली एक सोडायची. ती बियांसाठी, आणि शिंजिरासाठी. फुले असेपर्यंत हा चिमुकला पक्षी सकाळपासून झुडपावर असतो, नळीत चोच घालून रस पितो, आणि त्याच्या कपाळाला लागलेले पराग पुढच्या फुलावर जातात. मधमाश्या तर असतातच. त्याच दिवसांत शेवगा, आंबा फुललेले असतात, तेव्हा परसात मधमाश्यांची ये-जा असणे आपल्याच फायद्याचे.

वाळवताना रस्त्यावर किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात नुसती पसरू नका. माती आणि खडे मिसळले की व्यापारी वजनात घट धरतो, आणि त्याचे म्हणणे खोडता येत नाही. जुन्या साडीवर, सावलीत, पातळ थरात तीन-चार दिवस. उन्हात वाळवली तर लवकर वाळतात पण रंग उडतो. चुरगाळल्यावर कुरकुर वाजली की झाली. गोणीत भरून जमिनीपासून उंच ठेवा.

आता पैशाचे खरे सांगते. दारातल्या एका झुडपाने कुणाचे घर चालणार नाही. पहिल्या भरवर्षात सुपात मावतील एवढी वाळलेली फुले मिळतात. कुणी सभेत उभे राहून एका झुडपाचे हजारांचे उत्पन्न सांगत असेल तर त्याला त्याचे स्वतःचे झुडूप दाखवायला सांगा. पण बांधावर वीस-पंचवीस झुडपांची ओळ असेल, आणि पाड्यावरच्या दहा बायांनी माल एकत्र विकला, तर गोष्ट बदलते. धायटीची वाळलेली फुले केंद्र सरकारच्या गौण वनउपजाच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत आहेत. हंगामाआधी आदिवासी विकास महामंडळाच्या जवळच्या कार्यालयात किंवा वनधन केंद्रात जाऊन त्या वर्षीचा दर विचारा आणि खरेदी कुठे, कधी होणार ते लिहून घ्या. खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही तरी दर माहीत असण्याचा उपयोग आहे. पाड्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना आकडा आपल्या तोंडी असतो. मागच्या हंगामात एका गटातल्या बायांनी तो आकडा शाळेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. व्यापारी आला, भिंत वाचली, आणि तराजू काढण्याआधीच दोन रुपये चढला.

वनातल्या फुलांबद्दलही मनात भीती नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या गोळा केले जाणारे गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला आहे, मालकीसकट. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन त्या मालाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. तुमच्या गावात ही समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे ग्रामसभेत विचारा. आणि ती बसत असेल तर एक ठरावही मांडा: धायटीची फांदी तोडायची नाही, ठरलेल्या दिवसाआधी कुणीच खुडायला जायचे नाही. सर्वांनी थांबायचे ठरले तर दुसरा नेईल ही भीती उरत नाही. ज्या पाड्याने दिवस ठरवून दिला आहे तिथे भांडणे कमी झालेली मी पाहिली आहेत. पूर्ण थांबलेली नाहीत.

औषधाचा विषय निघतोच, म्हणून लिहिते. धायटीची फुले तुरट आहेत आणि हगवणीवर घरोघरी दिली जातात. मोठ्या माणसाला एखाद्या दिवशी पोट बिघडले असता आजीने ताकातून चिमूटभर चूर्ण दिले तर मी काही म्हणत नाही. पण तान्ह्या मुलाला जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएसची पुडी, अंगावरचे दूध चालू, आणि झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताई. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रक्त पडू लागले तर वाट न पाहता दवाखाना. जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी संपल्याने, आणि ते पाणी कुठलेही फूल भरून देत नाही. गरोदर बाईला धायटीचे काहीही पोटात देऊ नका. तिच्यासाठी ते सुरक्षित मानलेले नाही.

रंगाचे काम मुलांसोबत करून पाहण्यासारखे आहे. ओंजळभर फुले पाण्यात उकळून गाळा, चिमूटभर तुरटी टाका आणि त्यात सुती फडके बुडवा. फिकट गुलाबी ते विटकरी अशी छटा येते. पाणी, भांडे आणि फुले किती जुनी यावर ती बदलते. लोखंडी कढईत उकळले तर रंग काळपट होतो. वसतिगृहातल्या मुलींनी असे रुमाल केले तेव्हा कुठल्याच दोन रुमालांचा रंग जुळला नाही, आणि त्यांना तेच जास्त आवडले.

ज्यांना बी हवे असेल त्यांनी मेअखेरपर्यंत आपल्या गटाच्या ताईंकडे नाव द्यावे. या वर्षी राखलेल्या फांद्यांवरून जेवढे बी निघेल तेवढ्या पुड्या जूनच्या मासिक बैठकीत वाटू. प्रत्येक घरी एक, आणि सोबत मूठभर चाळलेली रेती. घमेले मात्र घरून आणावे. तळाला भोके आधीच पाडून आणली तर बैठक वेळेत सुटेल.